सेंट अँड्र्यूज डेचा झेंडा: फुली रंगवू नका, चिकटवा

30 नोव्हेंबरला, म्हणजे स्कॉटलंडच्या संरक्षक संताच्या दिवशी, इथे स्कॉटलंडमध्ये कब्सच्या (छोट्या स्काउट्सच्या) मुलांकडून स्कॉटलंडचा झेंडा, म्हणजे निळ्यावर पांढरी तिरकी फुली, करून घेताना निळ्यावर पांढरा रंग बसतच नाही, फुली मळकट दिसते. म्हणून उलट करायचं.

1. पांढरा जाड कागद 20 × 12 सेंमी कापा. 24 मिमीची मास्किंग टेप या मापाला अगदी बरोबर बसते, कारण फुलीचा पट्टा उंचीच्या एक पंचमांश असतो.
2. टेप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी लावा, कडा नखाने दाबा.
3. स्पंजने निळा रंग टिपा. ब्रश नकोच, रंग टेपखाली शिरतो.
4. रंग ओलसर असतानाच टेप हळूहळू काढा. खालून लख्ख फुली निघते तेव्हा मुलं ओरडतातच!

टेप आधी बाहीवर एकदा चिकटवून काढा, नाहीतर कागद सोलला जातो.