इंग्रजी वाक्यातला सब्जेक्ट आणि प्रेडिकेट मुलांना ओळखायला कसं शिकवावं

"सब्जेक्ट म्हणजे काय?" असं विचारलं की बहुतेक मुलं पाठ केलेलं उत्तर देतात: "क्रिया करणारा." मग त्यांना हे वाक्य द्या: "द विंडो वॉज ब्रोकन बाय द बॉल." काच फोडली चेंडूने, म्हणून मूल चेंडूवर बोट ठेवतं आणि चुकतं. इथे सब्जेक्ट आहे "द विंडो", आणि खिडकीने तर काहीच केलेलं नाही. चूक मुलाची नाही, व्याख्येची आहे. म्हणून माझा आग्रह असा की व्याख्या अगदी शेवटी सांगावी, आणि सांगायची राहून गेली तरी हरकत नाही. मुलाच्या हातात आधी एक प्रश्न आणि एक कसोटी द्यावी.

(या लेखात इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. मुलाला ती वहीत इंग्रजी अक्षरांतच लिहायला लावा.)

पहिली पायरी: पट्ट्यांचा खेळ

कागदाच्या सोळा पट्ट्या कापा. आठ पट्ट्यांवर कोणाबद्दल बोलायचं ते लिहा: "माय ग्रँडमदर", "द फॅट कॅट", "अवर टीचर", "दॅट ट्री". उरलेल्या आठांवर त्यांच्याबद्दल काय सांगायचं ते लिहा: "हॅज अ लाँग टेल", "स्लीप्स ऑन द सोफा", "लव्ज मॅथ्स". दोन्ही गठ्ठे पालथे ठेवा आणि मुलाला प्रत्येकातून एक पट्टी उचलून वाक्य जुळवायला सांगा. चौसष्ट वाक्यं होतात. "माय ग्रँडमदर हॅज अ लाँग टेल" निघालं की मूल खो खो हसतं, आणि हसता हसता त्याला कळतं की वाक्याला एक शिवण असते. शिवणीच्या अलीकडे कोणाबद्दल बोलतोय ते, म्हणजे सब्जेक्ट; पलीकडे काय सांगतोय ते, म्हणजे प्रेडिकेट. मराठी व्याकरणातले उद्देश्य आणि विधेय हेच. ज्याच्याबद्दल बोलायचं ते उद्देश्य, त्याच्याबद्दल जे सांगायचं ते विधेय.

एक काळजी घ्या. सुरुवातीला पहिल्या गठ्ठ्यात सगळी एकवचनीच नावं ठेवा. तीन-चार दिवसांनी गुपचूप "द बर्ड्स" ही पट्टी त्यात सरकवा. "द बर्ड्स स्लीप्स" हे कानाला खटकलं तर छानच. नाही खटकलं, तर पुढच्या पायऱ्या जरा सावकाश घ्या.

दुसरी पायरी: आधी क्रियापद शोधा

सब्जेक्ट शोधायचा असेल तर शोध सब्जेक्टपासून सुरू करायचा नाही. आधी क्रियापद पकडायचं, मग त्यालाच विचारायचं.

क्रियापद ओळखण्याची सोपी युक्ती म्हणजे काळ बदलून बघणं. "द ओल्ड मॅन इन द ब्लू शर्ट वॉक्स स्लोली." हेच काल घडलं असं समजून पुन्हा म्हणायला सांगा. "वॉक्स"चं "वॉक्ड" झालं, बाकी सगळे शब्द जागच्या जागी राहिले. जो शब्द बदलला ते क्रियापद. "माय ब्रदर इज रीडिंग" मध्ये "इज"चं "वॉज" होतं, म्हणजे क्रियापदाचा भाग "इज"पासूनच सुरू होतो. "रीडिंग"पासून नव्हे.

आता क्रियापदाच्या आधी "हू" किंवा "व्हॉट" लावून प्रश्न विचारा. "हू वॉक्स स्लोली?" उत्तर येईल "द ओल्ड मॅन इन द ब्लू शर्ट". हा झाला पूर्ण सब्जेक्ट. तिथे उभी रेघ ओढा, उरलेलं सगळं प्रेडिकेट. खिडकीच्या वाक्यालाही हीच युक्ती लागू पडते: "व्हॉट वॉज ब्रोकन?" उत्तर सरळ "द विंडो". चेंडू आपोआप बाजूला पडतो.

तिसरी पायरी: ही, शी, इट, दे

मूल अनेकदा नुसत्या "मॅन"खाली रेघ ओढून मोकळं होतं. नाम म्हणून "मॅन" हा सब्जेक्टचा गाभा आहे हे खरं, पण पूर्ण सब्जेक्ट नाही. इथे वाद घालत बसू नका, कसोटी लावा. सब्जेक्ट वाटतो तेवढा भाग उचलायचा आणि त्याच्या जागी "ही", "शी", "इट" किंवा "दे" ठेवायचं. फक्त "मॅन" काढलं तर "द ओल्ड ही इन द ब्लू शर्ट वॉक्स" असं काहीतरी भलतंच तयार होतं. पूर्ण तुकडा उचलला की "ही वॉक्स स्लोली". वाक्य ठीक बसलं, म्हणजे रेघ योग्य जागी पडली.

मला ही कसोटी सगळ्यांत भरवशाची वाटते, कारण मोठ्यांच्या चुकाही तिने सापडतात. "द बॉक्स ऑफ पेन्सिल्स" नंतर "इज" की "आर"? "पेन्सिल्स" शेजारीच बसलेली असल्यामुळे "आर" लिहायचा मोह होतो. पण सगळ्याच्या जागी ठेवायचं झालं तर "इट"च ठेवावं लागतं, कारण गाभा "बॉक्स" आहे. म्हणून "इज".

"माय सिस्टर अँड आय" असं जोडनाव आलं तर त्याच्या जागी "वी" ठेवून बघायचं. "रन अँड जंप" अशी दोन क्रियापदं आली तर दोन्ही प्रेडिकेटमध्येच. यावर जास्त वेळ घालवायची गरज नाही, मुलांना ते लगेच जमतं.

आपली मुलं नेमकी कुठे अडखळतात

मराठीत शब्दाचं काम त्याच्या प्रत्ययावरून कळतं. "कुत्र्याने मांजराचा पाठलाग केला" आणि "मांजराचा पाठलाग कुत्र्याने केला" या दोन्हींत धावणारा कुत्राच. इंग्रजीत "द डॉग चेस्ड द कॅट" मधली नावं अदलाबदल करा, मांजर कुत्र्याच्या मागे लागतं. तिथे प्रत्यय नाही, जागाच सगळं ठरवते. हे तोंडी सांगू नका, दोन चित्रं काढून दाखवा.

दुसरी गोम क्रियापदाची. "मुलाने निबंध लिहिला", "मुलाने गोष्ट लिहिली". लिहिणारा तोच, पण क्रियापद निबंधाच्या आणि गोष्टीच्या मागे फिरतं. "मला हे गाणं आवडतं" मध्येही क्रियापदाचं नातं गाण्याशी. इंग्रजीत असं होत नाही. तिथे क्रियापद नेहमी सब्जेक्टकडे बघून बदलतं. म्हणून तेच वाक्य "आय लाइक धिस साँग" होताना "मला"चं "आय" होतं आणि वाक्याचा मालक बदलतो. असे जोड एकाखाली एक लिहून मुलालाच फरक शोधू द्या.

तिसरी गोष्ट म्हणजे आपण सब्जेक्ट बिनदिक्कत गाळतो. "गेला होतास" म्हटलं की जाणारा "तू" आणि तोही पुरुष, एवढं सगळं क्रियापदच सांगून जातं. नुसतं "वेंट" म्हटलं तर कोण गेलं ते कळत नाही. मुलं "इज रेनिंग" लिहितात ती याच सवयीने. इंग्रजीला त्या जागी कोणीतरी बसवावंच लागतं, म्हणून बोलावून आणलेलं "इट". हे "इट" म्हणजे कोण, असं मूल विचारेल. खरं उत्तर द्या: कोणी नाही, फक्त खुर्ची रिकामी राहू नये म्हणून बसवलंय.

चौथी पायरी: उलटसुलट वाक्यं

वरचं सगळं अंगवळणी पडल्याशिवाय इकडे येऊ नका. घाई केली की मुलं पुन्हा अंदाजाने रेघा मारू लागतात.

"लास्ट नाइट द बेबी क्राइड." पहिला शब्द म्हणजे सब्जेक्ट, असं मानणारं मूल इथे फसतं. कसोटी लावा: "लास्ट नाइट शी क्राइड". "लास्ट नाइट" बाहेरच राहिलं, म्हणजे ते सब्जेक्टमध्ये नाही. रडण्याची वेळ सांगणारा तो शब्दसमूह प्रेडिकेटचा, फक्त पुढे येऊन बसलेला.

प्रश्न आला तर आधी त्याचं साधं विधान करा. "इज युवर ब्रदर स्लीपिंग?" चं "युवर ब्रदर इज स्लीपिंग". मग रेघ ओढा. आज्ञा असेल, म्हणजे "क्लोज द डोअर", तर सब्जेक्ट न लिहिलेला "यू". वहीत तो कंसात लिहायची सवय लावा. "देअर आर टू स्पॅरोज ऑन द वायर" मध्ये शालेय व्याकरणाप्रमाणे सब्जेक्ट "टू स्पॅरोज". एक चिमणी उडवून लावा, लगेच "आर"चं "इज" होतं. क्रियापद कोणाचं ऐकतंय ते मुलाला दिसलं पाहिजे.

उभ्या रेघेची ही कल्पना तशी जुनीच आहे. अमेरिकेत रीड आणि केलॉग या दोघांनी १८७७ साली वाक्यांच्या आकृत्यांची पद्धत मांडली. तिच्यात आडव्या रेघेवर सब्जेक्ट आणि क्रियापद लिहून त्यांच्यामध्ये एक उभी रेघ आरपार काढतात. चित्रं काढायची आवड असलेल्या मुलाला ही पद्धत दाखवा. ज्याला कंटाळा येईल त्याला पट्ट्याच बऱ्या.

सरावासाठी रोज पाच वाक्यं पुरेत, आणि ती मुलाच्याच तोंडची असतील तर उत्तम. आठवड्यातून एखादं अवघड वाक्य मध्येच टाकून द्या. उदाहरणार्थ, "ऑन द रूफ सॅट अ ब्लॅक कॅट." मुलाने छपराखाली रेघ ओढली तर रागावू नका, फक्त विचारा, "व्हॉट सॅट?" छप्पर बसलं असतं तर मांजर वर थांबलंच नसतं.