टायरचे वय, रिकॉलची सूचना आणि घबराट

एखाद्या कंपनीने लाखो टायर किंवा गाड्या परत बोलावल्याची बातमी आली की पहिले काम एकच करावे: खाली वाकून आपल्या टायरवरचा मजकूर वाचावा. टायरच्या बाजूवर रोमन लिपीतील डी-ओ-टी ही अक्षरे शोधावीत. त्यांच्यापुढच्या संकेतातील शेवटचे चार आकडे टायर कोणत्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी तयार झाला ते सांगतात. ‘२३१९’ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा, म्हणजे साधारण जूनचा आरंभ. शेवटी तीनच आकडे असतील, तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि तो अधिक विचार न करता बदलावा. पूर्ण संकेत बहुधा एकाच बाजूला छापलेला असतो व ती बाजू कधी कधी गाडीच्या आतल्या अंगाला येते, त्यामुळे बाहेर आकडे दिसले नाहीत तर स्टिअरिंग पूर्ण वळवून किंवा टॉर्च घेऊन आतून पाहावे.

हे आकडे महत्त्वाचे असण्याचे कारण असे, की टायर न वापरताही म्हातारा होतो. आत दाबाखाली भरलेल्या हवेतील ऑक्सिजन अस्तरातून हळूहळू झिरपतो आणि पोलादी तारांच्या पट्ट्यांभोवतीच्या रबराशी त्याची प्रक्रिया होते; रबर ताठर होत जाते आणि या पट्ट्यांची एकमेकींवरील पकड सैल पडते. उष्णतेने ही प्रक्रिया वेगावते. रबराला भेगांपासून वाचवणारे मेणासारखे पदार्थ टायर फिरताना पृष्ठभागावर येत राहतात, पण जागच्या जागी उभ्या असलेल्या गाडीच्या टायरला हे संरक्षण नीट मिळत नाही. (टायरवर दिसणारी तपकिरी झाक पुष्कळदा याच पदार्थांची असते, आणि आपण ती अस्वच्छता समजून घासून काढतो.) म्हणूनच कधी न वापरलेल्या, खोल नक्षीच्या (रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या, म्हणजे ट्रेडच्या) स्टेपनीवर विसंबणे धोक्याचे ठरते.

वयाची सर्वमान्य मर्यादा अशी नाही. काही वाहन कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलायला सांगतात. मिशेलिन या टायर कंपनीचा सल्ला असा, की पाच वर्षे वापरल्यावर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि निर्मितीपासून दहा वर्षे झाल्यावर टायर दिसायला चांगला असला तरी बदलावा. उष्ण हवेत किंवा जड ओझ्याखाली चालणाऱ्या गाडीसाठी मी सहाचाच आकडा धरेन. नक्षीच्या तळाशी किंवा बाजूवर भेगा दिसल्या, तर वय न पाहता टायर दाखवून घ्यावा. फुगवटा आला असेल, तर तो लगेच बदलावा.

रिकॉलच्या, म्हणजे माल परत बोलावण्याच्या, बाबतीत लोक गोंधळतात ते कंपनीचा प्रत्येक टायर सदोष समजून. ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन या टायर कंपनीचे सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले गेले. त्यांतील बरेचसे फोर्डच्या एक्सप्लोरर या गाडीवर होते आणि त्यांची नक्षी पट्ट्यांसकट सुटून गाड्या उलटत होत्या. तेव्हाही कंपनीचा प्रत्येक टायर सदोष ठरला नव्हता: विल्डरनेस एटी या टायरपैकी फक्त ठरावीक मापाचे आणि इलिनॉय राज्यातील डिकेटरच्या कारखान्यात बनलेले टायर त्या यादीत होते. बदली टायर पुरेसे नसल्याने अ‍ॅरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि टेक्सास या उष्ण राज्यांपासून सुरुवात झाली व इतरांना ताटकळावे लागले. हवेचा दाबही वादात सापडला, कारण फोर्डने २६ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) सुचवला होता आणि फायरस्टोनला ३० हवा होता. कमी दाबाचा टायर अधिक लवतो व अधिक तापतो.

तेव्हा बातमीतील मोठ्या आकड्याने दचकून न जाता टायरचे नाव, माप आणि पूर्ण संकेत, तसेच गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या किंवा वाहतूक सुरक्षा खात्याच्या यादीशी ताडून पाहावा. परत बोलावलेली प्रत्येक गाडी सदोष असतेच असे नाही, कारण संशयित कालावधीतील सगळा माल यादीत घेतला जातो. सूचनेत ‘गाडी चालवू नका’ असे म्हटले असेल, तर ते शब्दशः पाळावे. तसे नसेल, तर दुरुस्तीची वेळ ठरवून मिळालेली नोंद जपून ठेवावी. दरम्यान टायर थंड असताना हवा तपासावी आणि दाब दाराच्या चौकटीवरील पट्टीनुसार ठेवावा, कारण टायरवर लिहिलेला दाब ही कमाल मर्यादा असते.

सरळ रस्त्यावर अचानक हादरे किंवा धपधप आवाज येऊ लागला, तर गाडी बाजूला घेऊन टायर पाहावा. नक्षी सुटलीच, तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग घट्ट व सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा आणि वेग उतरल्यावरच रस्त्याच्या कडेला यावे. वयामुळे काढलेला टायर स्टेपनी म्हणून ठेवू नये, आणि टाकून देताना तो कापून द्यावा, म्हणजे पुन्हा कोणाच्या गाडीला चढणार नाही.