आडरस्त्यावर एकट्याने धावताना

आडरस्त्यावर किती दूर जायचं हे ठरवताना परतीचा हिशोब लंगडत चालण्याच्या वेगाने करा. किलोमीटरला ६ मिनिटं या वेगाने ८ किलोमीटर जायला ४८ मिनिटं लागतात. तिथे घोटा मुरगळला आणि ताशी ३ किलोमीटरने परतावं लागलं, तर २ तास ४० मिनिटं. तोवर पाणी संपतं, अंधार पडू शकतो, आणि धावणं थांबलं की घामाने भिजलेलं अंग झपाट्याने गार पडतं. पाणी आणि पातळ विंडचीटर घ्यायचं ते या परतीसाठी. रस्ता अनोळखी असेल तर सरळ लांब जाण्यापेक्षा २-३ किलोमीटरच्या पट्ट्यात फेऱ्या मारलेल्या बऱ्या.

निघण्याआधी एका माणसाला रस्ता, दिशा आणि वेळ सांगून जा. ‘उशीर झाला तर बघ’ एवढं पुरत नाही. ऐकणारा संकोचाने तासभर वाट बघत बसतो. ‘७ ला परत येईन, साडेसातला फोन कर, ८ ला शोधायला निघ’ असं नेमकं सांगा. वाटेत बेत बदलला तर आधी मेसेज, मग वळण. नाहीतर शोध भलत्याच रस्त्यावर सुरू होतो. लाइव्ह लोकेशनवर विसंबू नका, रेंज गेली की ते जुन्याच जागी अडकतं. रेंज कुठे येते ते ठिकाण धावतानाच हेरून ठेवा. बहुधा चढाच्या माथ्यावर येते. कॉल लागत नसेल तर साधा एसएमएस पाठवून बघा, त्याला क्षणभराची रेंजही पुरते. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी आपत्कालीन नंबर लावाच, तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. खिशात नाव, रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहिलेला कागद असू द्या. शिट्टी छातीशी अडकवा. पाठीवरच्या पिशवीत असली तर पडल्यावर हात पोचत नाही.

वाहनं समोरून येतील त्या बाजूने धावायचं, हे बहुतेकांना माहीत असतं. पण काही ठिकाणी हा नियम पुरत नाही. वळणाच्या आतल्या बाजूला झाडी किंवा दरड असेल तर समोरच्या चालकाला तुम्ही अगदी शेवटी दिसता. अशा वेळी वळण येण्याआधी, दोन्हीकडचं दिसत असतानाच, बाहेरच्या बाजूला जा आणि वळण संपलं की परत या. दुसरा धोका ओव्हरटेकचा. मागून येणारी गाडी पुढच्या गाडीला ओलांडताना तुमच्याच बाजूला येते, तीही पाठीमागून. ती फक्त ऐकू येते, म्हणून आडरस्त्यावर दोन्ही कानांत इअरफोन नकोतच. चढाच्या माथ्यावर मात्र पलीकडून येणारी गाडी दिसत नाही, तिथे सरळ रस्ता सोडून कडेला उतरा आणि पुढे जा.

अंधारात फ्लोरोसंट रंग उपयोगाचा नाही. तो दिवसाच्या अतिनील किरणांवर चमकतो, हेडलाइटमध्ये फिका पडतो. रात्री रिफ्लेक्टिव्ह पट्टी हवी, आणि ती छातीपेक्षा घोट्यांना आणि गुडघ्यांना जास्त कामाची: वरखाली हलणाऱ्या पट्ट्या बघून हा माणूस आहे हे चालकाला चटकन कळतं. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. डिपरच्या, म्हणजे खाली वळवलेल्या हेडलाइटच्या, उजेडात तुम्ही ५० मीटरवर दिसलात, तर चालकाच्या हातात जेमतेम सव्वादोन सेकंद राहतात.

गाडी शेजारी येऊन रेंगाळू लागली तर खिडकीजवळ जाऊ नका. तिचं तोंड असेल त्याच्या उलट दिशेने पळा. तिला वळून यायला वेळ लागतो. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. धावल्याचा नकाशा ॲपवर सगळ्यांना दिसेल असा ठेवू नका, रोजची वेळ आणि रस्ताही बदलत राहा.

कुत्रा अंगावर आला की पळणं थांबवा, पळणाऱ्याचा तो पाठलाग करतोच. अंग तिरकं ठेवा, डोळ्यांत रोखून बघू नका, बाटली किंवा टोपी दोघांच्या मध्ये धरून हळूहळू मागे सरका. बहुतेक कुत्री आपली हद्द राखत असतात, हद्द संपली की सोडून देतात. खाली पडलात तर अंग मुटकुळं करून दोन्ही हातांनी मान झाका. चावलाच, तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा, ओरखडा कितीही किरकोळ दिसला तरी.