ट्रकला सिंथेटिक ऑइल टाकताय? आधी या चुका टाळा

कांद्याची गाडी भरायला लागली की मालकाला दोन-तीन तास काही काम नसतं. पिंपळगाव बसवंतच्या मार्केटबाहेर अशा रिकाम्या वेळात जे वाद रंगतात, त्यातला एक ठरलेला: ट्रकच्या इंजिनात सिंथेटिक ऑइल टाकावं की साधं मिनरल, म्हणजे कच्च्या तेलातून नेहमीच्या पद्धतीने शुद्ध केलेलं? एक जण सांगतो, “सिंथेटिक टाकलं आणि इंजिनाचा आवाजच गेला.” दुसरा सांगतो, “मी टाकलं आणि महिन्यात गळती सुरू झाली.” दोघंही खोटं बोलत नसतात, फक्त दोघांच्या गाड्या वेगळ्या असतात.

आमच्या दारात एक जुनी बीएस-३ दहा चाकी आहे आणि एक बीएस-६ (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचे सरकारी नियम, आकडा मोठा तितके कडक). जुनीत मिनरल पडतं, नवीत सिंथेटिक. हे शहाणपण पैसे घालवून आलंय, म्हणून कुठे कुठे घालवले ते सांगतो.

समोरची मोठी अक्षरं वाचली, मागची बारीक सोडली

बादलीच्या पुढच्या बाजूला ‘सिंथेटिक’, ‘टर्बो’, ‘सुपर’ असं काय काय लिहिलेलं असतं. गाडीला मात्र मागच्या बारीक अक्षरांशी कर्तव्य असतं. तिथे एपीआय ग्रेड, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेला दर्जा असतो: सीएच-४, सीआय-४, सीके-४ वगैरे. पहिलं अक्षर ‘सी’ असेल तर डिझेल इंजिनाचं ऑइल, ‘एस’ असेल तर पेट्रोलचं. त्यापुढचं अक्षर जितकं पुढचं तितकी ग्रेड नवी. सीएच-४ १९९८ची, सीआय-४ २००२ची आणि सीके-४ डिसेंबर २०१६ पासूनची.

हे पाठ करायची गरज नाही, पण सीआय-४ आणि सीके-४ यांतला फरक बीएस-६ गाडीच्या मालकाला माहीत हवाच. बीएस-६ गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये डीपीएफ असतो, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की गाडी स्वतःच एक्झॉस्ट तापवून काजळी जाळते. त्याला रीजनरेशन म्हणतात. काजळी कार्बनची असते, म्हणून ती जळून जाते. पण इंजिन थोडंफार ऑइल जाळतंच, आणि ऑइलमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक यांची मिश्रणं घातलेली असतात. ती जळल्यावर उरते राख, आणि राख काही पुन्हा जळत नाही. चुलीतलं लाकूड जळून जातं, राख मात्र कोणीतरी काढावीच लागते, तसंच. सीके-४ मध्ये ही राख जास्तीत जास्त १ टक्का असावी अशी मर्यादा आहे. सीआय-४ ला तशी मर्यादाच नाही.

म्हणजे बीएस-६ गाडीत महागडं सिंथेटिक सीआय-४ टाकणं हे साधं मिनरल सीके-४ टाकण्यापेक्षा वाईट. हे वाक्य बऱ्याच जणांना पटत नाही. मलाही पटलं नव्हतं. हायवेवरच्या एका गॅरेजात आमच्या नव्या गाडीत ‘एकदम भारी माल’ म्हणून चेंबरभर (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीभर) सीआय-४ गेलं. आम्ही बादली पाहिली, किंमत पाहिली, ग्रेड पाहिली नाही. पुढे रीजनरेशनचा दिवा सारखा लागायला लागला, गाडी ओढ घेईना, आणि शेवटी डीपीएफ उतरवून साफ करावा लागला. त्या ऑइलनेच सगळं केलं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण तेव्हापासून बादलीची मागची बाजू मी स्वतः वाचतो.

उलट बाजूची गंमत अशी की सीके-४ जुन्या गाडीलाही चालतं. दोन पिढ्यांच्या गाड्या असतील तर दोन्हींना सीके-४च आणा, म्हणजे रात्री टॉप-अप करताना क्लीनरची गल्लत झाली तरी नुकसान नाही. एफए-४ नावाची ग्रेडही सीके-४ सोबतच आली, पण ते पातळ ऑइल ठरावीक इंजिनांसाठीच आहे. मॅन्युअलमध्ये नाव नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि गाडीच्या कंपनीने स्वतःचा मंजुरी क्रमांक दिला असेल, तर तो एपीआयच्याही वरचा.

‘सिंथेटिक’ म्हणजे सगळीकडे एकच, असं समजणं

ऑइलचा मूळ पाया कसा बनला त्यावरून त्याचे पाच गट करतात. पहिले तीन कच्च्या तेलापासून, चौथा रासायनिक पद्धतीने घडवलेल्या पीएओ नावाच्या तेलाचा, पाचव्यात एस्टरसारखे बाकीचे सगळे. एकेकाळी सिंथेटिक म्हणजे चौथा-पाचवा गट असाच अर्थ होता. तिसऱ्या गटाचं तेल हायड्रोजनच्या दाबाखाली इतकं शुद्ध करतात की गुण जवळपास तेच येतात. १९९९ साली अमेरिकेत याच मुद्द्यावर दोन मोठ्या ऑइल कंपन्यांची जाहिरातीवरून जुंपली, आणि निकाल असा लागला की तिसऱ्या गटालाही सिंथेटिक म्हणता येईल. त्यानंतर तो शब्द सैल झाला तो झालाच. ‘सेमी-सिंथेटिक’ तर त्याहून सैल. किती टक्के सिंथेटिक, ते बादलीवर बहुधा नसतंच. फसवणूक आहे असं नाही, तिसऱ्या गटाचं ऑइल चांगलंच असतं. पण नुसत्या त्या शब्दासाठी दुप्पट पैसे मोजताना एवढं ध्यानात असू द्या.

थंडीचं कारण इथे सांगणं

सिंथेटिकच्या बाजूने पहिला मुद्दा मांडतात तो थंडीत पटकन चालू होण्याचा. मुद्दा खरा, पण कुठे? १५डब्ल्यू-४० हा ऑइलच्या दाटीचा आकडा, त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर, हिवाळा. १५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २० अंशांना घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० ला. आमच्या निफाडला पारा ५-६ अंशांवर आला की पेपरात द्राक्षबागेतल्या शेकोट्यांचे फोटो येतात. त्या थंडीला साधं १५डब्ल्यू-४० हसतं. गाडी हिवाळ्यात काश्मीर-हिमाचलकडे नेहमी जात असेल तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे सिंथेटिक खरं कामाला येतं ते उष्णतेत. न्हावा-शेव्याहून भरलेला कंटेनर घेऊन कसारा घाट चढा, टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, मिनिटाला लाखभर फेरे घेत असतो आणि त्याच्या बेअरिंगला गारवा देणारं बहुतेक गाड्यांत दुसरंतिसरं कोणी नाही, ऑइलच. मिनरल ऑइल अशा जागी लवकर करपतं, सिंथेटिक जास्त तग धरतं. पण घाट संपला, इगतपुरीला चहासाठी गाडी उभी केली आणि लगेच बंद केली, तर ऑइलचं फिरणं थांबतं आणि तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल, सिंथेटिक असलं तरी, तिथेच भाजतं. दोन-तीन मिनिटं गाडी न्यूट्रलवर चालू ठेवून मग बंद करणं फुकट आहे.

सिंथेटिक टाकायचं आणि जुन्याच किलोमीटरला काढायचं

पैसे वाया जाण्याची सगळ्यात मोठी जागा हीच. आकडे सोयीचे धरतो. समजा चेंबर २० लिटरचं, मिनरल ३०० रुपये लिटर, सिंथेटिक ६००. मिनरल २० हजार किलोमीटरला बदललं तर ६० हजारांत तीन वेळा, म्हणजे १८ हजार रुपये. सिंथेटिकही सवयीने २० हजारांनाच काढलं तर ३६ हजार. तेच ४० हजारांना काढलं तर ६० हजारांचा हिशेब पुन्हा १८ हजारांवर येतो. वर फिल्टरचे पैसे आणि गाडी उभी राहण्याचा दिवस वाचला तो फायदा. भाव दुप्पट असेल तर किलोमीटरही दुप्पट व्हायला हवेत. तेवढे होत नसतील तर निदान ऑइलच्या खर्चात तरी तुम्ही तोट्यात आहात.

पण हे लांबवणं स्वतःच्या मनाने नाही. मॅन्युअलमध्ये त्या ऑइलसाठी जेवढे किलोमीटर दिलेत तेवढेच. त्यापुढे जायचं असेल तर वापरलेल्या ऑइलचा नमुना लॅबमध्ये तपासून घ्यावा लागतो. त्या रिपोर्टमध्ये ऑइलची दाटी, आम्ल मारायची ताकद किती उरली, आणि लोखंड, तांबं, सिलिकॉन किती सापडलं ते कळतं. सिलिकॉन वाढलेलं दिसलं तर ऑइलला दोष देऊ नका, धूळ आत येतेय. एअर फिल्टर आणि त्याचा होस पाहा. उसाच्या फडात जाणाऱ्या गाड्यांमध्ये हे फार.

किलोमीटरचा आकडाही प्रत्येक गाडीला लागू नाही. ट्रान्झिट मिक्सर, टिपर, पीटीओवर (इंजिनाच्या जोरावर दुसरं यंत्र फिरवणाऱ्या जोडणीवर) चालणाऱ्या गाड्या उभ्या जागी इंजिन तासन् तास फिरवतात. एक तास म्हणजे साधारण ४० किलोमीटर असा ढोबळ हिशेब धरा, किंवा सरळ तासांवर जा.

डिझेल वाचतं का? वाचतं, पण ते पातळ ग्रेडमुळे, सिंथेटिक या नावामुळे नव्हे. १५डब्ल्यू-४० वरून, कंपनीची परवानगी असेल तर, १०डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-३० वर गेलात तर एखादा टक्का मिळू शकतो. वर्षाला ८० हजार किलोमीटर आणि लिटरला ४ चा ॲव्हरेज धरला तर २० हजार लिटर डिझेल लागतं. त्याचा एक टक्का म्हणजे २०० लिटर. ९० रुपयांनी १८ हजार झाले, म्हणजे सिंथेटिकच्या जादा खर्चातला मोठा भाग निघाला. फक्त हे तुमच्या डायरीत दिसेल अशी आशा ठेवू नका. ड्रायव्हर बदलला किंवा टायरची हवा उतरली तरी ॲव्हरेज त्याहून जास्त हलतं.

जुन्या इंजिनात अचानक बदल

सिंथेटिकने सील खराब होतात ही भीती जुनी आहे. आजच्या ऑइलच्या बाबतीत ती खरी नाही. मग मार्केटबाहेरच्या त्या दुसऱ्या माणसाची गळती कुठून आली? जुन्या इंजिनात सील आधीच कडक झालेले असतात, भेगांत गाळ बसून त्यांना बूच लागलेलं असतं. नवं ऑइल तो गाळ धुऊन काढतं आणि बूच निघतं. गळती आधीचीच होती, आता ती दिसायला लागली.

ब्रीदरमधून (इंजिनाची आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) धूर मारत असेल, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत बॅक कॉम्प्रेशन असेल, इंजिन हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खात असेल, तर त्यात सिंथेटिक ओतणं म्हणजे महागडं ऑइल जाळणं. तिथे मिनरल सीके-४ १५डब्ल्यू-४० वेळेवर बदला, आणि पैसे इंजिनकामासाठी बाजूला ठेवा. शिवाय १ एप्रिल २०२० पासून पंपावर मिळणारं डिझेल १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाचं आहे, बीएस-३ च्या काळात ते ३५० पर्यंत चालायचं. जुन्या गाडीलाही आता तेच डिझेल मिळतं, आणि आम्ल होतं ते गंधक जळूनच, त्यामुळे ऑइलमध्ये आम्ल पूर्वीसारखं पटकन साचत नाही. मिनरलचं काम त्या मानाने सोपं झालंय.

प्रेशर कमी दाखवतंय म्हणून २०डब्ल्यू-५० सारखं गाढं ऑइल टाकायचीही पद्धत आहे. काटा वर येतो, मालक खूश होतो. बेअरिंग झिजलेली ती झिजलेलीच.

आणि कृपा करून चेंबरमध्ये डिझेल घालून, इंजिन चालू करून ‘धुवून’ घेऊ नका. त्या पाच मिनिटांत बेअरिंगवर ऑइलचा जो थर हवा तो नसतो. गाळ काढायचाच असेल तर नवं ऑइल पहिल्या वेळी निम्म्या अंतरावरच फिल्टरसकट बदला.

मिनरल आणि सिंथेटिक मिसळलं की दही होतं, ही मात्र अफवा. रस्त्यात ऑइल कमी पडलं तर त्याच ग्रेडचं मिळेल ते टाका. गुण थोडे कमी होतील, पण ऑइलविना इंजिन जाम होण्यापेक्षा बरं.

गेजपट्टी चुकीची वाचणं

ऑइल काळं झालं म्हणजे खराब झालं, असं डिझेल गाडीत नसतं. पहिल्या ट्रिपलाच ते काळं होतं, कारण काजळी धरून ठेवणं हेच त्याचं काम. काळ्या रंगाला घाबरून चांगलं सिंथेटिक अर्ध्यात काढणारे मी पाहिलेत.

घाबरायचं ते वेगळ्या खुणांना. न टाकता लेव्हल वाढली तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. बीएस-६ मध्ये रीजनरेशन अर्धवट तोडत राहिलात की हे होऊ शकतं, किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. ऑइल वाढलं म्हणून आनंद मानू नका. बोटावर घ्या, वास घ्या, आणि कारण सापडेपर्यंत लांबची ट्रिप धरू नका. ऑइल दुधाळ झालं असेल तर पाणी किंवा कूलंट आत गेलंय, गाडी तिथेच उभी करा. लेव्हल कमी होतेय, बाहेर थेंब नाही आणि धूर निळसर आहे, तर ते आत जळतंय. या तिन्ही ठिकाणी ऑइलची जात बदलून काही होत नाही.

भरवशाचा माल म्हणून भलताच माल

मिस्त्री ज्या ऑइलचा आग्रह धरतो, त्याच्या झाकणात कधीकधी त्याच्यासाठी कुपन असतं. त्यात गैर काही नाही, त्याचाही संसार आहे, फक्त ग्रेड आपण पाहावी. खरी भीती डुप्लिकेटची. रिकाम्या बादल्यांना भाव मिळतो तो त्यात पुन्हा माल भरण्यासाठी. ऑइल अधिकृत डीलरकडून बिलासकट घ्या, सील आणि क्यूआर कोड तपासा, आणि बादली तुमच्यासमोर फुटू द्या.

जळकं ऑइल आमच्याकडे सेंट्रिंगवाले मागायला येतात, प्लेटांना लावायला. त्यांना आता नाही म्हणतो, ते नोंदणीकृत रिसायकलरकडेच जातं. रिकामी बादली मात्र भंगारातही देत नाही. तळाला ड्रिलने चार भोकं पाडली की ती पुन्हा ऑइलच्या कामाची राहत नाही. अशा पाच बादल्या आमच्या अंगणात आहेत. दोनांत जास्वंद आहे, बाकीच्यांत आईने मोगरा लावलाय.