सैल झालेला हातोडीचा दांडा

मैत्रीण मंडळाची अध्यक्ष झाली, म्हणून भेट द्यायला मी सभेत टेबलावर ठोकायची शिसवी लाकडाची हातोडी लेथवर घडवली. पण आठवड्याभरातच दांडा डोक्यात खुळखुळू लागला. फार वाईट वाटलं.

लाकूड पुरतं वाळलेलं नव्हतं, हे कारण. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आडवं मात्र आकसतं. दांड्याचं गोल टोक लंबगोल झालं आणि गोंद सुटला.

मग चांगल्या वाळलेल्या लाकडाचा नवा दांडा केला. डोक्यातलं अर्धवट भोक आरपार पाडलं, जुना गोंद खरवडून काढला. दांड्याच्या टोकाला करवतीने खाच घेतली, गोंद लावून दांडा बसवला आणि खाचेत फिकट लाकडाची पाचर ठोकली. इथे सांभाळा: पाचर डोक्याच्या लाकडातल्या रेषांना काटकोनात हवी. रेषांच्या दिशेने ठोकली तर ती डोकंच चिरते. आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहिलं, तेव्हा तो सरळ उभा फाटला. टक्क असा आवाज झाला, अजून आठवतो.

२४ तासांनी बाहेर आलेलं टोक कापलं, पॉलिश पेपरने घासलं, जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. काळपट शिसवात पाचरीची ती फिकट रेघ आता मुद्दाम काढल्यासारखी दिसते.