दोन सनांच्या गावाची कथा कशी रचावी

विदर्भातल्या खेड्यावर पर्यायी इतिहासाची कथा लिहिताना अनेक कालगणना रोजच्या वापरात दाखवायच्या असतील, तर इतिहासाला फाटा कुठे फुटला हे आधी ठरवावे. त्यासाठी १८५३ हे साल सोयीचे आहे. त्या वर्षी झालेल्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. तो तह झालाच नाही असे धरले, की वर्धा नदीच्या अलीकडे, वऱ्हाडात, फसली सन (पिकाच्या हंगामावर बेतलेली महसुली कालगणना) आणि पलीकडे इंग्रजी तारीख हे चित्र पटण्याजोगे होते.

मग प्रत्येक गणनेला तिचा व्यवहार नेमून द्यावा. हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ते ऋतूंमधून सरकत राहते आणि शेतसाऱ्याची वसुली पिकाच्या हंगामाशी जुळत नाही, म्हणूनच फसली सन निघाला. तेव्हा तो पटवाऱ्याच्या दप्तरात ठेवावा. पेरणी मृगावर, दुकानदाराची नवी वही दिवाळीला, आणि रेल्वे अर्थातच इंग्रजी तारखेवर. आकडेमोड सोपी आहे: शकासाठी इसवी सनातून गुढीपाडव्यानंतर ७८, त्याआधी ७९ वजा करावेत, दख्खनी फसलीसाठी मृगानंतर ५९०, त्याआधी ५९१. म्हणजे जून २०२३ च्या अखेरीस शके १९४५ आणि फसली १४३३ चालू असेल.

खरी कथा मात्र सालगड्याच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याच्या, करारात दडलेली आहे. त्याचे साल पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. २०२३ चा पाडवा २२ मार्चला आला आणि पुढचा ९ एप्रिल २०२४ ला, कारण मध्ये अधिक श्रावण होता. म्हणजे ठरलेल्या त्याच रकमेत ३८४ दिवस राबायचे.

"मालक, धोंड्याच्या महिन्याचं काय कराचं?"

"सालाचं बोलणं झालं हाये ना गा, महिन्याचं कुठं झालं?"

नदीपलीकडचा गडी इंग्रजी वर्षावर लागलेला असेल, तर त्याचे साल केव्हाच संपलेले असेल, आणि हे दोघे एकाच बाजारात भेटतील. एवढ्या एका प्रसंगात जे साधते ते पानभर तारखांनी साधत नाही. (पहिल्याच परिच्छेदात चार सनांची जंत्री देण्याचा मोह नवख्या लेखकांना हमखास होतो, तो आवरावा.) जिथे पैसा, मजुरी किंवा मुदत अडते, तिथेच दोन्ही तारखा शेजारीशेजारी लिहाव्यात आणि वापरलेली प्रत्येक तिथी त्या वर्षाच्या पंचांगात तपासून घ्यावी.