ईम गाव बघायचं तर असं बघा

इंग्लंडमध्ये डर्बीशर परगण्यातल्या ईमला लोक 'प्लेगचं गाव' म्हणून जातात आणि सरळ म्युझियममध्ये शिरतात. माझं ऐकाल तर म्युझियम शेवटी ठेवा. इथली सगळी गोष्ट माणसांनी एकमेकांपासून राखलेल्या अंतराची आहे, आणि अंतर चालल्याशिवाय कळत नाही.

सुरुवात सेंट लॉरेन्स चर्चच्या आवारात करा. आठव्या शतकातला अँग्लो-सॅक्सन क्रूस आधी पाहा, म्हणजे गाव प्लेगच्या कितीतरी आधीपासून नांदतंय हे विसरायला होणार नाही. भिंतीवर १७७५ चं सूर्यघड्याळ आहे. ऊन असेल तर वेळ ताडून बघा. उन्हाळ्यात मनगटावरच्या घड्याळातून एक तास वजा करायचा.

मग कॅथरीन मॉम्पेसनची कबर. ही गावच्या रेक्टरची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूची, विल्यम मॉम्पेसनची बायको, ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. १६६५ मध्ये लंडनहून आलेल्या कापडाच्या गठ्ठ्यातून रोग आला असं मानतात. मॉम्पेसन गावात नवखा. लोकांचा विश्वास आधीच्या थॉमस स्टॅनलीवर, आणि तो तर नवा प्रार्थनाग्रंथ न मानल्यामुळे पद गमावून बसलेला. एरवी या दोघांचं पटणं कठीणच. पण रोग बाहेर पसरू नये म्हणून दोघांनी मिळून गावाला वेशीच्या आत थांबायला राजी केलं. प्रार्थना उघड्यावर, कक्लेट डेल्फच्या दरीत. ज्याचं माणूस त्यानंच घराजवळ पुरायचं. सुमारे २६० माणसं गेली.

चर्चशेजारच्या प्लेग कॉटेजेसवरच्या पाट्या वाचा, खिडक्यांत मात्र डोकावू नका. तिथे लोक राहतात. १६७२ चा ईम हॉल बाहेरून पाहिला तरी पुरे.

आता शेजारच्या स्टोनी मिडलटन गावाच्या पायवाटेनं सीमाशिळेपर्यंत जा. चिखल असतो, बूट चांगले हवेत. दगडातल्या भोकांत व्हिनेगरमध्ये बुडवलेली नाणी ठेवायची आणि बाहेरच्यांनी आणलेलं अन्न घ्यायचं, अशी ती व्यवस्था. भोकात बोट घालून बघा.

रायली ग्रेव्ह्ज गावाच्या पूर्वेला, शेतात. एलिझाबेथ हॅनकॉकनं ऑगस्ट १६६६ मध्ये आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं इथे पुरली. इथे फोटोची घाई करू नका, थोडं बसा.

पायात दम उरला तर उत्तरेचा चढ चढून मॉम्पेसनची विहीर गाठा. तिथेही सामान ठेवलं जाई. म्युझियम हिवाळ्यात बंद असतं, तेव्हा निघण्याआधी वेळा बघून ठेवा.